सूचीत नसलेलं डोकं

"त्या खिडकीच्या गजांतून काही घालू नकोस हो पोरी. जाताना सुरळीत जातं, येताना येत नाही."

पेत्राबाईंनी हे सांगितलं तेव्हा आरासेली बाबागाडी ढकलत चौकातून घाईघाईने चालली होती. पेत्राबाई नेहमीप्रमाणे आपल्या दारासमोर लव्हाळ्याने विणलेल्या बुटक्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मिटलेल्या हातपंख्याने समोरच्या बेन्साला हवेलीची खिडकी दाखवत होत्या. आरासेली म्हणाली, "बरं हं, पेत्राबाई," आणि थांबलीसुद्धा नाही. दक्षिण स्पेनमधल्या या आल्कारेहा गावात प्रत्येक म्हातारीजवळ सूचनांचा साठा असतो आणि ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वाटते. कलिंगडावर वाइन पिऊ नये. जेवून उठल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. ओल्या केसांनी दारात उभं राहू नये. सगळं ऐकायचं म्हटलं तर माणसाने कोरड्या केसांनी उपाशी घरात बसावं. आरासेलीने गजांची सूचनाही त्याच डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

शिवाय गजांबद्दल तिला कोणी शिकवावं, हे जरा अतीच होतं. तिने ग्रानादाला कलेचा इतिहास शिकून पदवी घेतली होती आणि तिचा प्रबंधच मुळी सोळाव्या शतकातल्या खिडक्यांच्या लोखंडी गजांवर होता. गज कुठे फुगीर घडवायचा, कुठे बारीक करायचा, वर मुकुट कसा बसवायचा, यावर तिने पानंच्या पानं लिहिली होती. दोन गजांच्या मध्ये जी मोकळी जागा असते तिच्याबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती. परीक्षकांनीही विचारलं नाही. विद्यापीठांचं हे असं असतं.

आता, आरासेली काळजी करणारी आई होती असं नुसतं म्हणणं म्हणजे ग्वादालकिविर नदीला ओहोळ म्हणणं. तिची मुलगी वेगा दोन वर्षांची. वेगा झोपली की ही नाकाशी बोट धरून श्वास बघायची. द्राक्षाचे चार तुकडे करायची आणि त्यातला एक आधी स्वतः चघळून बघायची, की द्राक्षाने ऐन वेळी काही पवित्रा बदललेला नाही ना. साखर बंद, मीठ बंद, ऑलिव्ह तर बियांसकट घरातूनच बंद, आणि हे हाएन प्रांतात, जिथे गावाबाहेर पाऊल टाकलं की क्षितिजापर्यंत ऑलिव्हच्या झाडांशिवाय काही दिसत नाही.

अशा आईच्या हातात एक मासिक पडलं. त्यात लिहिलं होतं की मुलाची सौंदर्यदृष्टी तिसऱ्या वर्षाच्या आत पक्की होते. आरासेलीने मासिक मिटलं आणि आपल्या फ्लॅटच्या खिडकीतून खाली पाहिलं. खाली सुपरमार्केटचा गाडीतळ होता. वेगा तिथे टक लावून बघत होती. म्हणजे पक्की होण्याचं काम चालूच होतं.

"बेन्साला हवेली दाखवायला हवी तिला," आरासेली नवऱ्याला म्हणाली. "प्रबोधनकाळातलं असं काम साऱ्या गावात नाही."

"दोन वर्षांच्या पोरीला हवेलीतलं काय कळणार?" फेर्मीनने विचारलं. तो गावातल्या वरच्या ऑलिव्ह तेलघाण्याच्या सहकारी संस्थेत हिशेबनीस होता.

"तुला तरी कुठे कळतं?"

फेर्मीन टोमॅटो चिरायला लागला.

बेन्साला हवेली वर्षभर बंद असते आणि जत्रेच्या आदल्या दिवशी, सप्टेंबरात, एक दुपार उघडते. याला कारण आहे. शेजारच्या उबेदा आणि बाएसा या गावांना जगाने केव्हाच वारसा म्हणून मान दिला. तेव्हापासून आल्कारेहाच्या नगरपालिकेची अवस्था दोन थोरल्या बहिणींची लग्नं होऊन गेलेल्या धाकटीसारखी झाली आहे. रोज आरशात बघायचं आणि कोणी हात लावू नये म्हणून चार पावलं लांब उभं राहायचं. त्यामुळे हवेली बघायची तर आधी संगणकावर नाव नोंदवावं लागतं. नोंदणीत वेगाचा व्यवसाय विचारला होता. रिकामं सोडलं तर यंत्र पुढे जाऊ देईना आणि दिलेल्या पर्यायांत 'बाळ' नव्हतं. बराच वेळ विचार करून आरासेलीने 'निवृत्त' निवडलं. सत्याच्या सगळ्यांत जवळचं तेच होतं.

ठरल्या दुपारी ती अर्धं घर पिशवीत भरून हवेलीच्या दाराशी उभी राहिली. वेळ तिने मुद्दामच पहिली घेतली होती, सगळं गाव दुपारची झोप काढत असतं ती. गर्दी नको, गर्दीत सर्दी असते. चौकात फक्त पेत्राबाई, आपल्या खुर्चीत. दारावर पालिकेचा लिनो होता. त्याने कागद वाचला.

"यातलं निवृत्त कोण?"

"ही."

लिनोने बाबागाडीत वाकून पाहिलं. "लवकर घेतली," तो म्हणाला. "नशीबवान आहे. जा आत. मी कुर्रोच्या बारमध्ये एक कॉफी घेऊन आलोच."

आत चौकोनी अंगण, चारही बाजूंनी सडपातळ खांबांच्या कमानी, मधोमध दगडी विहीर. विहिरीचा कठडा जेमतेम गुडघ्याइतका, आणि सुरक्षेसाठी त्याच्याभोवती एक दोरी बांधलेली, म्हणजे मुलाने दोरीला अडखळून थेट आत पडावं. झाकण होतं, पण सोळाव्या शतकातलं असल्यामुळे भिंतीवर टांगलं होतं. आरासेलीने वेगाला कडेवर घेतलं आणि विहिरीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब नेलं. म्हणजे रस्त्याकडच्या दालनात. म्हणजे त्या खिडकीपाशी.

खिडकी सुंदर होती, यात वाद नाही. गज खालून वर बारीक होत गेलेले, मध्ये पेरूएवढी फुगीर गाठ, पुन्हा बारीक. आरासेली सांगायला लागली, "बघ वेगा, हा लोहार..." तेवढ्यात वेगा खिडकीच्या दगडी बैठकीवर चढली आणि तिने गजांच्या मध्ये गाल दाबला.

आरासेलीने तिला ओढून खाली घेतलं. या गजांतून वेगाचं डोकं जाईल? दुसरी कुठलीही आई पोर उचलून घरी गेली असती. पण दुसरी आई शिकलेली नसते. शिकलेल्या माणसाला प्रश्न पडला की तो सोडवल्याशिवाय घरी जाता येत नाही. पिशवीत थर्मामीटर होता, तीन टोप्या होत्या, साप चावल्यावर बांधायची पट्टी होती, मोजपट्टी नव्हती. तेव्हा तिने तर्क लढवला. माझं डोकं वेगाच्या डोक्यापेक्षा मोठं आहे. माझं गेलं, तर तिचं नक्की जाईल.

हा तर्क आजही निर्दोष आहे. डोकं गेलं.

गज जिथे बारीक होते तिथून ते गेलं, आणि रस्ता किती खाली आहे ते बघायला ती जरा खाली वाकली. म्हणजे मान आता फुगीर गाठींच्या मध्ये. मग तिने डोकं मागे घेतलं आणि तिला तिच्या शिक्षणातला एक मोठा खड्डा सापडला. माणसाचे कान पुढे जाताना मिटतात, मागे येताना उघडतात.

सुरुवातीला तिने काहीच केलं नाही. म्हणजे दृश्य बघत असल्याचा चेहरा केला. उन्हात वाळलेला चौक, बंद झडपा, पेत्राबाई. एक माणूस कुत्रा घेऊन गेला, म्हणाला, "नमस्कार." ती म्हणाली, "नमस्कार, काय ऊन आहे." चारचौघांत डोकं अडकलेल्या माणसाकडे प्रतिष्ठेसाठी एवढाच ऐवज उरतो, हवामान. तिने पुन्हा ओढून पाहिलं. वर सरकून, जिथून घातलं तिथूनही ओढून पाहिलं, पण तिथेही कान आडवे आले, आणि खाली तिच्या स्कर्टला वेगा लोंबकळत होती. त्या ओढीचा तिला केवढा आधार वाटत होता. पोर आहे. इथेच आहे.

मग ती ओढ सुटली.

छोट्या सँडलचा टपटप आवाज दालनातून निघाला, दाराशी जरा थांबला, आणि अंगणाकडे गेला.

"वेगा," आरासेली म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. तिचं तोंड चौकाकडे होतं, त्यामुळे हाक भलत्याच दिशेला गेली आणि समोरच्या भिंतीवरून कबुतरं उडाली. "पेत्राबाई. अहो पेत्राबाई. आत विहीर आहे."

पेत्राबाईंनी मान वर केली. त्यांना सगळं एका नजरेत कळलं असावं, कारण 'सांगितलं नव्हतं का' हे वाक्य ओठांशी आलेलं दिसलं आणि त्यांनी ते गिळलं. आल्कारेहात असं वाक्य कोणी गिळल्याची दुसरी नोंद नाही. त्या काठी टेकत उठल्या आणि हवेलीच्या दाराकडे निघाल्या. ऐंशी ओलांडलेल्या बाईचं चालणं बघायला फार वेळ लागतो. नेमका त्याच वेळी लिनो कॉफी पिऊन परतला.

"मावशी, नाव नोंदवलंय?"

"लिनो, तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईपाशी गरम पाणी घेऊन कोण उभं होतं?"

"तुम्ही. पण यादीत..."

"तेव्हा मी यादी बघितली नव्हती. हो बाजूला."

मग काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. आरासेलीच्या मनात जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने देवाला साखरेपासून मिठापर्यंत सगळे नियम देऊ केले. आणि अंगणातून 'डुबुक' असा आवाज आला. लहानसा.

"सँडल गेली," आतून पेत्राबाईंचा आवाज आला. "एकच. पोरगी माझ्याकडे आहे."

आरासेली रडली. हात आतल्या बाजूला असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. एका अनोळखी बाईने येऊन ते पुसले, आणि विचारलं, "तू फेर्मीनची बायको ना? इतक्या जवळून आजच बघतेय. एरवी थांबत नाहीस."

पेत्राबाईंनी खुर्ची उचलून खिडकीच्या बरोबर समोर आणली, वेगाला मांडीवर घेतलं, आणि म्हणाल्या, "आता तू बघ तिला. मी धरते."

एव्हाना ऊन उतरलं होतं. या गावात ऊन उतरलं की माणसं आपापली खुर्ची घेऊन दारासमोर गारव्याला बसतात. एरवी ती चौकभर विखुरलेली असतात. त्या दिवशी सगळ्या खुर्च्या खिडकीसमोर आल्या, अर्धवर्तुळात. आरासेलीने एकदा मान वर केली तर समोर नाट्यगृह होतं आणि ती रंगमंचावर.

सल्ले सुरू झाले.

"साबण लाव."

"कानांना बर्फ लावा, आकसतात."

"श्वास सोड, सगळा सोड."

"डोकं आहे ते, पोट नाही."

"माझ्या चुलतभावाचा हात तिकडे लिनारेस गावी धुण्याच्या यंत्रात अडकला होता. दोन दिवस."

"मग?"

"मग सुटला. पण तो स्वभावाने शांत होता."

आरासेली प्रत्येकाला आभार मानून उत्तर देत होती. बोलताना हातवारे करायची तिची सवय, त्यामुळे तिच्या बोलण्याचा अर्धा भाग आत चालला होता आणि तो एकटा लिनो बघत होता. बंद करायची वेळ झाली तेव्हा तो तिच्या पाठीशी येऊन अदबीने म्हणाला, "सेन्योरा, वेळ संपली. बाहेर व्हावं लागेल."

"अर्धी झालेय," आरासेली म्हणाली.

मग तेलाचा विषय निघाला, आणि तिथे सगळं बिघडलं. तेल लावायचं यावर एकमत होतं. कुठलं, यावर नव्हतं. आल्कारेहात दोन सहकारी घाणे आहेत, वरचा आणि खालचा, आणि माणूस जन्माला येतो तो यांपैकी एका घाण्यात. फेर्मीन बातमी ऐकून कामावरून धावत आला तो वरच्या घाण्याच्या, पहिल्या दाबाच्या तेलाची बाटली घेऊनच. तोवर बारवाला कुर्रो खालच्याचा डबा घेऊन उभा होता.

"तुमचं तेल झणझणतं," कुर्रो म्हणाला. "डोळ्यांत गेलं तर पोरगी आंधळी होईल."

"झणझणतं म्हणूनच ते तेल आहे. तुमचं काय, दिव्यात घालतात."

"फेर्मीन," आरासेली म्हणाली, "कुठलंही घाल."

"कुठलंही?" फेर्मीनचा चेहरा पडला. "आरासेली, सगळे बघताहेत."

शेवटी निवाडा करायला पाव आणले गेले. अर्धवर्तुळभर बशा फिरल्या. लोकांनी दोन्ही तेलं पावावर घेऊन चाखली, डोळे मिटले, चर्चा केली. मधेच कोणीतरी आरासेलीलाही एक तुकडा भरवला आणि तिने, खोटं कशाला बोला, खालच्या घाण्याचं जरा बरं असल्याचं मनात नोंदवलं आणि संसाराचा विचार करून गप्प बसली. शेवटी दोन्ही तेलं ओतली. डाव्या कानावर वरचं, उजव्यावर खालचं. डोकं चकाकलं. हललं नाही. फेर्मीनने आत जाऊन कमरेला धरून ओढलं तेव्हा ती लांब झाल्यासारखी वाटली, एवढंच.

आणि या सगळ्यात वेगा पेत्राबाईंच्या मांडीवर बसून तेल आणि साखर लावलेला पाव खात होती.

"पेत्राबाई, साखर..."

"साखर आहे, विष नाही."

"तिच्या हातात ऑलिव्ह आहे. बी..."

"बी मी काढलीय. सहा पोरं वाढवलीत गं. एकही बीने गेलं नाही."

आरासेलीला पहिल्यांदाच असं झालं होतं की वेगा डोळ्यांसमोर आहे आणि तिचं काहीच करता येत नाही. टोपी सरळ करता येत नव्हती. तोंड पुसता येत नव्हतं. फक्त बघता येत होतं. आणि बघितलं तर पोरगी हसत होती, पेत्राबाईंचा पंखा उघडत होती, मिटत होती, आणि दर थोड्या वेळाने आईकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, "मामा." इथली पोरं आईला मामा म्हणतात. मग जरा वाकून खिडकीखालच्या भिंतीकडे बघायची आणि कोड्यात पडायची.

तेवढ्यात बाहेरगावच्या पर्यटकांचा एक जथा आला, पुढे छत्री उंच धरलेली वाटाडी बेलेन. बेन्साला हवेलीच्या दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून डोकी बाहेर काढलेले दगडी सम्राट आहेत. बेलेन त्यांच्याबद्दल सांगत सरकत होती, आणि ओळीने फोटो निघत होते. आरासेलीपाशी येऊन एका गृहस्थाने विचारलं, "आणि या?"

बेलेन आणि आरासेली ग्रानादाला एका वर्गात होत्या. बेलेनने तिच्याकडे एक क्षण पाहिलं. "हे नंतरच्या काळातलं काम आहे," ती म्हणाली, आणि जथा पुढे नेला. जाता जाता मागे वळून हळूच म्हणाली, "तुझा प्रबंध याच्यावरच होता ना गं?"

अग्निशामक दल दुसऱ्या गावाहून यायचं होतं. ते आलं, त्यांनी गज फाकवायचं यंत्र बाहेर काढलं, आणि नेमके तेव्हा पालिकेचे वारसा अधिकारी एव्हारिस्तो चौकात पोचले. हात वर करून, धापा टाकत.

"गजाला हात लावायचा नाही. वारसा सूचीत आहे तो."

"आतमध्ये एक बाई आहे," दलाचा प्रमुख म्हणाला.

"ते दिसतंय. पण सूचीतल्या वस्तूला हात लावायचा तर समितीची संमती लागते. समिती गुरुवारी बसते."

"आज शनिवार आहे."

"म्हणूनच म्हटलं, गुरुवारी."

"आणि माझं डोकं?" आरासेलीने विचारलं.

एव्हारिस्तोंनी जवळची कागदपत्रं मनापासून चाळली. वाईट माणूस नव्हता. "डोकं सूचीत नाही, सेन्योरा. डोक्याला काय करायचं ते खुशाल करा."

इथे चौक पेटला. लिनारेसच्या चुलतभावाची बहीण एव्हारिस्तोंना म्हणाली की त्यांच्या आजोबांनी याच हवेलीत बकऱ्या बांधल्या होत्या, तेव्हा सूची कुठे होती. एव्हारिस्तो म्हणाले, बकऱ्या मेंढपाळाच्या होत्या, आजोबांच्या नव्हत्या. अग्निशामक म्हणाले, ते इतक्या लांबून तेल चाखायला आलेले नाहीत. कुर्रोने त्यांना तेल चाखायला दिलं. फेर्मीन म्हणाला, मग दुसरंही चाखा. सगळे उभे राहिले, सगळे एकदम बोलायला लागले, सगळ्यांच्या पाठी खिडकीकडे झाल्या. लिनोसुद्धा दार सोडून भांडण ऐकायला बाहेर आला.

आरासेलीने दोन माणसांच्या मधून खुर्चीकडे पाहिलं. पेत्राबाईंची मान छातीवर पडली होती. दुपारपासून झोपेविना बसलेली बाई. गारवा सुटला होता. पंखा हातातून सुटून मांडीवर पडला होता.

मांडीवर फक्त पंखाच होता.

"वेगा कुठाय?" आरासेली म्हणाली. कोणी ऐकलं नाही. "वेगा कुठाय. फेर्मीन. अरे, पोरगी." फेर्मीन कुर्रोच्या नाकासमोर बाटली नाचवत होता. हवेलीचं दार सताड उघडं होतं. आत अंगण, अंगणात विहीर, विहिरीत एक सँडल आधीच गेलेली, आणि मुलाला आपली सँडल कुठे आहे ते बरोबर आठवतं. आरासेली ओरडायला लागली. इतका वेळ तिच्याकडे बघणारा चौक आता एकमेकांकडे बघत होता.

आणि मागून तिचा स्कर्ट ओढला गेला.

"मामा," आतून वेगा म्हणाली. समाधानाने म्हणाली. तिला आईचा उरलेला भाग सापडला होता.

आरासेलीने वळून पाहिलं.

म्हणजे डोकं अडकलंय हे तिच्या लक्षातच नव्हतं. मान वळली, त्याबरोबर खांदा वळला, एक कान वरच्या घाण्याच्या तेलावरून सरकला, दुसरा खालच्याच्या, आणि ती वेगासमोर गुडघ्यांवर बसलेली होती. संध्याकाळभर सगळ्या गावाने तिला सरळ मागे ओढलं होतं. वळायला कोणी सांगितलं नव्हतं.

तिने वेगाला उचललं, विहिरीकडे न बघता अंगण ओलांडलं आणि ती दारातून बाहेर आली, केसांतून तेल गळत. भांडण हळूहळू थांबलं. लोकांनी तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या खिडकीकडे पाहिलं.

"कशी सुटलीस?" अग्निशामक दलाच्या प्रमुखाने विचारलं. त्याच्या स्वरात दुःख होतं.

"परत घालून दाखव," मागून एक बाई म्हणाली. "आम्ही बघितलंच नाही."

"समितीपुढे विषय ठेवलाय मी," एव्हारिस्तो म्हणाले. "आता काय सांगू त्यांना?"

पण आरासेली पेत्राबाईंकडे बघत होती. गलबल्याने त्या जाग्या झाल्या होत्या. त्यांनी आधी आपल्या मांडीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, मग आरासेलीच्या कडेवर बसलेल्या वेगाकडे. त्यांचा चेहरा पार पांढरा पडला होता.

"मी डोळे मिटले," त्या म्हणाल्या.

"अहो, त्यात काय. ती माझ्याकडेच आली होती, पेत्राबाई."

"आत विहीर आहे."

"माझ्या हातूनही सुटली होती की दुपारी. माझ्याकडून आधी."

"तुझं डोकं अडकलं होतं," पेत्राबाई म्हणाल्या. "माझं मोकळं होतं." आणि त्यांनी खुर्ची उचलली, घरात नेली आणि दार लावून घेतलं.

विहिरीवर दुसऱ्याच दिवशी लाकडी फळ्या ठोकल्या गेल्या. लिनोने ठोकल्या, कोणाची संमती न घेता. खिडकीसमोर एव्हारिस्तोंनी एक पाटी लावली, तिच्यावर बाईच्या डोक्याचं चित्र आहे आणि नाक बरंचसं आरासेलीसारखं आहे. वेगाची सौंदर्यदृष्टी पक्की झाली आहे. कुठल्याही खिडकीत माणूस दिसला की ती त्याचा उरलेला भाग शोधायला आत जाते. ती आता साखर खाते, मर्यादेत. द्राक्षाचे दोनच तुकडे होतात.

पेत्राबाईंची खुर्ची मात्र त्या दिवसापासून बाहेर आलेली नाही.

आरासेली रोज जाते. कधी करंज्यांसारखं काहीतरी घरचं घेऊन, कधी नुसतीच वेगाला घेऊन. झडपेच्या मागून उत्तर येतं, सर्दी झालीय. दुसऱ्या दिवशी, गुडघा. तिसऱ्या दिवशी, माझ्यावर पोर सोपवू नकोस गं, मी झोपते. आरासेलीने मग एक स्वतःची खुर्ची विकत घेतली आणि ती हवेलीसमोर मांडून गारव्याला बसायला लागली. एरवी जिथून धावत जायची तिथे. एका संध्याकाळी तिने खिडकीपाशी जाऊन मुद्दाम गजांना कपाळ लावून पाहिलं. समोरची झडप बोटभर वर झाली आणि पुन्हा खाली गेली. पेत्राबाईंना माहीत होतं की ही आता काही डोकं घालायची नाही.

म्हणून आरासेलीचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही अनोळखी आहात, आणि अनोळखी माणसाला सावध केल्याशिवाय पेत्राबाईंना राहवणार नाही, अशी तिची खात्री आहे. उबेदा, बाएसा बघायला कधी आलात तर अर्ध्या तासाची वाट वाकडी करून आल्कारेहाला या. बेन्साला हवेलीसमोर उभे राहा, खालच्या मजल्यावरची ती खिडकी शोधा, पाटी आहेच. आणि गजांच्या अगदी जवळ डोकं न्या, आता घालतोच की काय असं. फक्त जवळ.

पाठीमागून कोणी ओरडलं नाही, तर समोर कुर्रोच्या बारमध्ये एवढंच सांगा. आरासेली धावत येईल. आणि कोणी ओरडलं, तर 'बरं हं' म्हणून निघून जाऊ नका. थांबा. दारापाशी जा. खुर्ची बाहेर आणायला हात लावा. दिसते त्यापेक्षा जड आहे ती.